आतून लावलेली कडी

एकांतबुरुजाच्या दाराची कडी बाहेरून आत आणायला एका सुताराची एक सकाळ पुरली. इतिहास बदलायला शतके लागतात असे म्हणणाऱ्यांनी हातात पटाशी घेतलेला सुतार पाहिलेला नसावा.

ती कडी मुळात बाहेर होती हे सिद्ध करण्यात जिची उमेदीची वर्षे गेली, ती बाई उद्घाटनाच्या दिवशी त्याच दारासमोर उभी होती. दाराशेजारी भिंतीत, उद्घाटनाच्या पडद्याखाली, पितळी फलक बसवलेला होता; त्यावर काय आहे ते तिला पाठ होते. ‘राजाच्या निधनानंतर शोकाकुल राणीने या दालनात प्रवेश केला, स्वहस्ते कडी लावली आणि उर्वरित आयुष्य एकांतात व्यतीत केले,’ असा त्यावर मजकूर. मजकुराखाली ‘ऐतिहासिक मार्गदर्शन’ असे दोन शब्द, आणि त्यांच्याखाली तिचे नाव. अक्षरे सुबक होती. खोटे नेहमी चांगल्या कारागिराकडे जाते.

तिच्या पुस्तकात काय होते? राजा शिकारीत मेला. त्याच्या धाकट्या भावाने गादी घेतली आणि वहिनीला उत्तर टोकाच्या बुरुजात घातले. दार बाहेरच्या अंगाला उघडते. निजायच्या खोलीचे दार असे कुणी बसवत नाही. कडीची भोके बाहेर, अडसर बाहेर, चौकटीच्या आतल्या बाजूला खिळ्याचा ओरखडासुद्धा नाही. बाहेरच्या पायरीचा दगड पहारेकऱ्यांच्या बैठकीने झिजून खोलगट झालेला. पुस्तक लेखिकेने, मुद्रितशोधकाने आणि एका परीक्षकाने वाचले. परीक्षकाने निर्मितीमूल्यांची स्तुती केली.

आता किल्ल्याचा व्यवस्थापक म्हणजे तिचा सख्खा दीर. त्यानेच ‘एकांतराणी’ हे नाव शोधले, लोकांनी ते उचलले आणि बुरुजासमोर रांग लागू लागली. शोक पाहायला माणसे लांबून येतात. दिराने वहिनीला कोंडले ही गोष्ट मात्र घरोघरची, ती पाहायला किल्ल्यावर कोण चढणार?

उत्तरेकडचा महाल कित्येक वर्षे बंद होता. तिच्या कामाचा निम्मा भाग त्याच्या भिंतींत अडकला होता आणि किल्ली दिराकडे होती. गेल्या आठवड्यात त्याने ती जेवणाच्या टेबलावर, सगळ्यांच्या देखत, तिच्या ताटाशेजारी ठेवली.

“घ्या वहिनी. उत्तरेचा महाल आजपासून तुमचा. मोजा, खरवडा, फोटो काढा, काय हवं ते करा. फलकावर फक्त तुमचं नाव राहू दे. शेवटी विद्वानाची मोहर लागते हो.”

“मजकूर माझा नाही, भाऊजी.”

“मजकूर कोण वाचतंय! लोक नाव बघतात आणि पुढे जातात.”

“अगं, राहू दे ना,” नवरा भात कालवत म्हणाला, “घरातलंच तर आहे.”

घरातलंच आहे. या दोन शब्दांनी जगात जितके खून पचले आहेत तितके विषाने झाले नसतील. सासूबाईंनी तिच्या ताटात आणखी एक पोळी वाढली. तिने किल्ली उचलली आणि पर्समध्ये टाकली. त्या दिवसापासून तिला झोप नव्हती. नाव द्यावे तर आयुष्यभराचे काम स्वतःच खोटे ठरवायचे, आणि काढून घ्यावे तर उरलेले काम कधीच होणार नाही. इकडे आड, तिकडे विहीर, आणि दोन्हींच्या काठावर सगळे सासर टाळ्या वाजवत उभे. आज फलकावरचा पडदा सरकवण्यापूर्वी किल्ली परत करायची आणि नाव काढायला सांगायचे, असे तिने सकाळी आरशासमोर ठरवले होते. पण जिन्याच्या पायथ्याशी दिराने तिची ओळख “आमच्या घरचं विद्यापीठ” अशी करून दिली, लोक हसले, आणि तो क्षण निघून गेला.

वर पोहोचल्यावर तिने दाराजवळ टांगलेल्या कापडी चित्राची कड उचलून पाहिली. चित्रात राणी खिडकीशी बसून डोळे टिपत होती. चित्रामागे जुना अडसर तसाच होता. मांडीएवढ्या जाडीचा, एका टोकाशी भिंतीत फिरता बसवलेला, वर उभा करून एका लाकडी खुंटीने अडवलेला. खुंटी काढली की तो दारावर आडवा पडायचा आणि समोरच्या चौकटीतल्या लोखंडी आकड्यात जाऊन बसायचा. ‘पुरातन वस्तू’ म्हणून सुताराला त्याला हात लावायची मनाई होती. पुरावा हलवता येत नाही, मग त्यावर चित्र टांगायचे. खुंटीला वाळवी लागली होती. तिने कड सोडून दिली.

“चला, आत चला,” दीर म्हणाला. “मुख्य पाहुण्यांना आधी दालन दाखवू, मग पडदा. खाली मंडळी चहा घेतायत तोवर आटपू.”

मुख्य पाहुणे म्हणजे एक निवृत्त न्यायमूर्ती. त्यांच्यामागे वर्तमानपत्राचा छायाचित्रकार, मग सासूबाई, मग ती. दालनातल्या ध्वनिफितीचे बटण दाराबाहेर भिंतीवर होते. पहारेकऱ्याने ते दाबले आणि “जा तूही, चहा घे,” असे दिराने म्हटल्यावर तो खाली गेला.

दालन गोल होते. वरती हाताला न लागणारी एक फट, तिच्यातून येणारा उजेड जमिनीपर्यंत पोहोचेस्तोवर थकून जात असे. दगडी ओटा, त्यावर नवी मखमल. दाराशेजारी भिंतीत फळीने बंद केलेला एक चौकोन, आणि त्याखाली पाटी: ‘प्रार्थनेची खिडकी’. छतातून एक हळवा बायकी आवाज झरू लागला: “मी आले... माझ्या मनाने आले... माझ्या हाताने कडी लावली...”

“वा!” न्यायमूर्ती म्हणाले. “अंगावर काटा आला.”

“अजून यायचाय, साहेब,” दीर म्हणाला. “आता पाहा, राणीने काय केलं.” त्याने दाराचे कडे धरले, दार सर्व ताकदीनिशी आत ओढून घेतले, आणि नव्या कोऱ्या कडीचा दांडा नाटकी हाताने सरकवला. छायाचित्रकाराने झोत मारला.

दाराच्या दणक्यामागोमाग आणखी एक आवाज झाला होता. जड, लाकडी, शेवटी लोखंडाचा टणत्कार असलेला. फितीतल्या संगीताचाच तो भाग असावा असे तिघांना वाटले. तिला तसे वाटले नाही. सासूबाईंनी मान झटकन दाराकडे वळवली.

“बाहेरून लागलं,” त्या म्हणाल्या.

“काय, आई?”

“दार. बाहेरून लागलं.”

दीर हसला, कडी काढली, दार ढकलले. दार हलले नाही. खांदा लावला. छायाचित्रकारानेही लावला. मग न्यायमूर्तींनी, पदाला शोभेल इतपत, तळहात टेकवला.

“अडसर पडलाय,” ती म्हणाली. “खुंटीला वाळवी होती.”

“मग आधी सांगायचं नाही का, वहिनी?”

“पुस्तकात सांगितलंय. अडसराचं सगळं प्रकरण आहे.”

हाका मारून झाल्या. हाकांच्या वर छतातली बाई बोलत होती. तिला थांबवायचे बटण बाहेर होते. भिंतींची जाडी अशी की मोबाइलच्या पडद्यावर एक रेघ उमटेना. खाली अंगणातल्या कर्ण्यांवरही हीच फीत लावली आहे, हे दिराने स्वतःच सांगितले. कल्पना त्याचीच होती. म्हणजे आतून कुणी गळा फाडून ओरडले तरी खालचा माणूस बशीत चहा ओतून म्हणणार, काय जिवंत आवाज आहे!

“या खिडकीतून हाक मारू,” न्यायमूर्तींनी फळीला हात घातला. “प्रार्थनेची खिडकी. ही कशी उघडायची?”

“ही आतून उघडत नाही, साहेब,” ती म्हणाली. “ही जेवण द्यायची खिडकी. खिट्टी बाहेर आहे. राणी प्रार्थना करत असेल तर फळी उघडावी म्हणूनच करत असेल.”

“पण इथे पाटीवर तर...”

“पाटी भाऊजींनी लिहिलीय.”

“आता हे काय उकरून काढायची वेळ आहे का?” दिराच्या कपाळावर घाम होता. “हवा तरी येतेय का इथे?”

“येते. राणी बरीच वर्षं जगली.”

न्यायमूर्ती मखमलीवर बसले आणि काही वेळाने, सवयीने, निकाल देऊ लागले. “तसं पाहिलं तर आपण आत स्वेच्छेने आलो. कडी आपणच लावली. म्हणजे तांत्रिकदृष्ट्या याला डांबणं म्हणता यायचं नाही.”

“बाहेर पडता येतंय का, साहेब?” सासूबाईंनी विचारले.

“नाही. पण तो वेगळा मुद्दा.”

“हो ना. आत असलं की तोच एक मुद्दा असतो.”

“माझ्या मनाने आले...” छतातून आवाज झरला. छायाचित्रकाराने कॅमेऱ्याची पिशवी कानावर दाबून धरली. दिराने मग दारावर लाथा घातल्या, मग पहारेकऱ्याच्या सात पिढ्या उद्धरल्या, मग गुडघ्यांत डोके घालून बसला. तो कोपऱ्यात तसा बसल्यावर तिला आनंद व्हायला हवा होता; वर्षानुवर्षे तिने मनातल्या मनात हेच चित्र रंगवले होते. पण त्याचे खांदे खरोखर थरथरत होते, आणि सूड घ्यायला माणूस आधी धडधाकट लागतो.

ती सासूबाईंच्या शेजारी भिंतीला टेकून बसली.

“तुम्ही आवाज ओळखलात,” ती हळूच म्हणाली. “मी या अडसरावर पानंच्या पानं लिहिली. पडताना कधी ऐकला नव्हता.”

“मी ऐकलाय.” सासूबाईंनी चष्मा काढून पुसला. “हा नाही. आपल्या कोठीच्या खोलीचा. लग्न होऊन आले तेव्हा. दूध उतू गेलं, भाजी खारट झाली, माहेरून पत्र आलं... कारण काय, काहीही पुरायचं. माझ्या सासूबाई बाहेरून लावायच्या. दिवेलागणीला तुझे सासरे यायचे, तेव्हा उघडायच्या.”

“मामंजी काही बोलायचे नाहीत?”

“त्यांना कुठे माहीत होतं? ते विचारायचे, आत काय करत होतीस. मी म्हणायची, धान्य निवडत होते.”

“का?”

सासूबाईंनी तिच्याकडे जरा दयेने पाहिले, ज्या नजरेने फार शिकलेल्या माणसाकडे पाहतात त्या नजरेने. “दार उघडलं की माणूस आधी बाहेर पडतं गं. खरंखोटं मागून येतं. कधी येतं, कधी नाही.”

तिच्या पुस्तकात एका परदेशी वकिलाची, म्हणजे त्या काळच्या राजदूताची, साक्ष होती. राणीला एकदा सज्जात आणून दरबाराला दाखवले, तेव्हा वकील तिथे हजर होता. ‘मी येथे माझ्या इच्छेने सुखात आहे,’ असे राणी स्पष्ट आवाजात म्हणाली, असे त्याने मायदेशी लिहून कळवले होते. सगळी दंतकथा त्या एका वाक्यावर उभी होती आणि तिने त्याची वासलात एका तळटीपेत लावली होती: वकील विकला गेलेला असावा. आता तिला वाटले, वकील बिचारा खरेच लिहीत होता. राणी तसेच म्हणाली असणार. सज्जात ऊन होते, वारा होता, आणि पुढे पुन्हा कधी आणतील की नाही ते ‘सुखात’ या शब्दावर अवलंबून होते.

त्यांची सुटका त्यांच्या ओरडण्याने झाली नाही. खालच्या पाहुण्यांना तीच ती फीत ऐकून वीट आला, आणि कुणीतरी पहारेकऱ्याला म्हटले, बाबा रे, ती बाई आधी बंद कर. तो बटण बंद करायला वर आला. आवाज थांबला, आणि त्या शांततेत पाचही जण एकदम किंचाळले. अडसर उचलल्याचा करकराट झाला. दार बाहेर उघडले. पहारेकऱ्यामागोमाग, उशीर का होतोय ते बघायला, अर्धे पाहुणे जिना चढून आले होते. तिचा नवराही त्यांत होता, हातात कप घेऊन.

“काय झालं? कोंडले गेलात की काय?” कुणीतरी विचारले.

दीर उंबऱ्यावर उभा होता. केस विस्कटलेले, डोळे लाल. न्यायमूर्तींनी छायाचित्रकाराकडे पाहिले, छायाचित्रकाराने जमिनीकडे. एवढ्यात सासूबाई मुलाच्या पुढे झाल्या, त्याची कॉलर सरळ केली आणि स्पष्ट आवाजात म्हणाल्या, “छे छे! कोंडतंय कोण? आम्हीच लावून घेतलं होतं. म्हटलं, राणीला कसं वाटलं असेल ते बघू.”

टाळ्या पडल्या. दिराचा चेहरा पाहता पाहता भरत गेला, जसा पंप मारल्यावर फुगा भरतो. “राणीचा अनुभव!” तो म्हणाला. “आजपासून प्रत्येक गटाला हा अनुभव मिळणार. न्यायमूर्ती साहेबांनी स्वतः घेतलाय!”

“विलक्षण,” न्यायमूर्ती म्हणाले. “आत्मपरीक्षणाला अत्यंत पोषक.”

इतिहास घडताना पाहायला मिळावा अशी तिची फार इच्छा होती. तो इतक्या झटपट घडतो हे तिला ठाऊक नव्हते.

“आणि आता आमच्या वहिनी दोन शब्द बोलतील,” दिराने ध्वनिक्षेपक तिच्या हातात दिला. पितळी फलकावरचा पडदा कुणीतरी सरकवला. तिने सासूबाईंकडे पाहिले. त्या दुसरीकडे पाहत होत्या. खरे सांगायचे तर या म्हाताऱ्या बाईला चारचौघांत खोटे पाडायचे. न सांगायचे तर स्वतः खोटी होऊन पितळेत राहायचे. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो हाच.

“फलकावर माझं नाव आहे,” ती म्हणाली. “मजकूर माझा नाही. ही कडी बाहेर होती. राणीला कोंडलं होतं. तिच्या दिराने कोंडलं होतं. माझं नाव इथून काढावं.”

दीर खो खो हसला. “बघा! दिरावर घसरल्या! आमच्या घरात जेवताना रोज असंच चालतं.”

हशा पिकला. नवरा सर्वांत मोठ्याने हसला. त्याला मनापासून बरे वाटलेले दिसले. वहिनीने दिराची फिरकी घेतली, याहून घरगुती दृश्य ते कोणते? ध्वनिक्षेपक तिच्या हातातून हळुवारपणे काढून घेण्यात आला.

तिने पर्समधून किल्ली काढली आणि दिराच्या तळहातावर ठेवली. त्याचे हसू तेवढ्यापुरते थांबले.

“वहिनी, विचार करा. पुन्हा मिळणार नाही.”

“माहीत आहे. आणि नाव?”

“पितळ आहे ते. खोदलेलं अक्षर कसं पुसणार? राहू दे आता. घरातलंच आहे.”

पाहुणे उतरले. तीही उतरू लागली, मागून सासूबाई एकेक पायरी धरत. आयुष्यभराचे काम आणि उरलेले नाव, दोन्ही मागे ठेवून ती रिकाम्या हातांनी चालली होती. वळणावर तिने सासूबाईंना हात दिला.

“रागावलीस माझ्यावर?”

“नाही. तुम्ही माझी एक तळटीप चुकीची ठरवलीत.”

“ते काय असतं?”

“पानाच्या तळाशी असतं. बारीक अक्षरात. घरातल्या बायकांसारखं.”

सासूबाई फुसकन हसल्या. तेवढ्यात पहिला गट खालून चढत आला, पुढे मार्गदर्शक. “या त्या बाई बरं का, फलकावर नाव आहे त्यांचं,” त्याने गटाला सांगितले. “सगळं संशोधन यांचंच.” ती ‘नाही’ म्हणाली तोवर तो पुढे गेला होता. लोक तिच्याकडे कौतुकाने पाहत चढत होते.

वर फीत सुरू झाली. मग दाराचा दणका. मग, त्यामागोमाग, जड, लाकडी, शेवटी लोखंडाचा टणत्कार असलेला तो दुसरा आवाज.

दोघी एकाच वेळी थांबल्या. खाली अंगणात कुणाचे लक्षही नव्हते. तिथे ‘माझ्या मनाने आले’ चालू होते. खुंटी मोडली आहे हे कुणी पाहिलेच नव्हते. कसे पाहणार? काही घडलेच नव्हते. आम्हीच लावून घेतले होते.

“चल,” सासूबाई म्हणाल्या आणि वळल्या.

अडसर उचलायला दोघींचे बळ लागले. आतले लोक हसत, थोडे घाबरत बाहेर आले. एका लहान मुलीने आईची मांडी घट्ट धरली होती. “राणीचा अनुभव!” मार्गदर्शकाने जाहीर केले, पण त्याचा आवाज फाटला. मागून पहारेकरी धापा टाकत आला.

“खुंटी ठोक त्याला एक,” ती म्हणाली.

“पुरातन भिंत आहे, बाई. खिळा मारायचा तर साहेबांची परवानगी लागते. साहेब पाहुण्यांना पोहोचवायला गेलेत.”

“मग दोरीने बांध.”

“कशाला बांधू? सगळी गुळगुळीत भिंत.”

“मग आजचे गट थांबव.”

“ते तर साहेबांशिवाय जमायचंच नाही.” आणि खालून दुसरा गट येतच होता; जिन्याच्या वळणावर टोप्या दिसू लागल्या होत्या.

तिने दोन्ही हातांनी अडसर वर रेटला, खांद्याने अडवला आणि तशीच उभी राहिली. मोडक्या खुंटीच्या जागी आता ती होती. सोडला की पडणार, आणि आत माणसे. निघून जायचे तिने ठरवले होते. खरे तर ती निघूनही गेली होती. गट तिच्या अंगावरून आत गेला. एकाने फलकावरचे नाव वाचले, तिच्याकडे पाहिले आणि मान लववली. दार धाडकन लागले. हातातल्या लाकडाला हिसका बसला आणि तिने तो सोसला.

सासूबाई पहारेकऱ्यांनी झिजवलेल्या त्या खोलगट दगडावर टेकल्या. आतून छतातली बाई सांगत होती की ती आपल्या हाताने कडी लावून सुखात आहे.

“हात भरून आला की सांग,” सासूबाई म्हणाल्या. “मी धरते.”